एका ढगाखालचे पुरवठादार

बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली जालन्यात महिको सुरू केली आणि पुढे ते शहर बियाणे कंपन्यांचे गाव झाले. या कंपन्यांचे संकरित भाजीपाला बियाणे शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातही पिकते, देऊळगाव राजा-सिंदखेड राजा पट्ट्यातल्या शेडनेटमध्ये. कंपनी नर-मादी वाण देते, शेतकरी कुटुंब एकेक फूल हाताने क्रॉस करते. खरेदी विभागाच्या तक्त्यात अशा पुरवठादार कुटुंबांची नावे भरपूर. एक हुकला तर दुसरा आहेच, असा त्या तक्त्याचा दिलासा.

11 फेब्रुवारी 2018 रोजी गारपिटीने जालना आणि बुलढाणा, दोन्ही जिल्हे झोडपले.

अशा दिवशी तक्त्यातली सारी नावे मिळून एकच पुरवठादार उरतो. जपानच्या 2011 च्या भूकंपानंतर वाहन कंपन्यांनाही हेच कळले: सुटे भाग देणारे अनेक, पण त्यांतल्या बऱ्याच जणांच्या चिप येत होत्या रेनेसासच्या एकाच नाका कारखान्यातून. टोयोटाने मग पुरवठादारांच्या पुरवठादारांपर्यंत नोंदी नेल्या आणि चिपचा काही महिन्यांचा साठा ठेवायला लावला.

साठ्याचा मार्ग प्रत्येकाला खुला नसतो. तोडलेला ऊस थांबत नाही, तासागणिक त्यातली साखर उतरते. बियाण्याचे तसे नाही. नीट वाळवलेले मिरची-टोमॅटोचे बी शीतगृहात हंगामभर सहज टिकते. तरीही साठ्यात अडकलेल्या पैशाचे व्याज पाहून कंपन्या हात आखडतात, हे आम्हाला अनाकलनीय वाटते. गेलेला हंगाम कोणत्याही व्याजाने परत मिळत नाही. नवे बी घाईने घेतले, तरी त्याच्या शुद्धतेच्या चाचणीसाठीसुद्धा सहसा रोप शेतात वाढवून पाहावे लागते, त्यात आणखी वेळ जातो.

सिंदखेड राजाजवळून जाणारा 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून 2025 पासून पूर्ण खुला आहे. त्याने ट्रक लवकर पोहोचेल, प्लॉट गारांखालून हलणार नाही. मात्र याच रस्त्यावर वर्ध्याकडे किंवा वैजापूरकडे दुसरा तळ उभारणे आता आवाक्यात आले आहे. क्रॉसिंगला सरावलेले हात तिथे लगेच मिळणार नाहीत, त्यामुळे सुरुवात छोट्या प्लॉटपासून आणि इथल्याच अनुभवी कुटुंबांना प्रशिक्षक नेमून करावी. मूळ नर-मादी वाणाचा काही साठाही दुसऱ्या जिल्ह्यात असावा.

आणि बीजोत्पादनाचा करार पुन्हा वाचावा. गारपिटीचा सगळा तोटा शेतकऱ्याच्या माथी मारला असेल, तर फाटलेली जाळी तो पुन्हा कशाला बांधेल?