बॉनेटवर उडालेले टवके

साताऱ्याच्या एका वाचक-भगिनीचं पत्र आलं आहे. पुण्याहून घरी परतताना शिरवळच्या पुढे खडीनं भरलेल्या डंपरमागे त्यांची गाडी सापडली आणि ताडताड खडे उडाले. घरी येऊन बघतात तो बॉनेटवर पाच-सहा ठिकाणी रंगाचे टवके गेलेले आणि एक टपाच्या पुढच्या कडेवर, काचेच्या अगदी वर. गाडी चार वर्षांची. हप्ते यंदाच्या दिवाळीत फिटायचे आहेत. पुढच्या वर्षी लेकीच्या कॉलेज-प्रवेशाच्या वेळी हीच गाडी विकून पैसे उभे करायचे, असं घरात ठरलेलं. गॅरेजवाला म्हणतो, "ताई, सगळं बॉनेट रंगवून घ्या, नवं दिसेल." यजमान म्हणतात, "गाडी म्हटली की एवढं चालायचंच, राहू दे." आता तुम्हीच सांगा, रंगवू की राहू देऊ, असं बाई विचारतात.

दोन्ही करू नका, असं माझं सरळ उत्तर आहे. टवके तेवढे भरा, आणि ते घरी भरा. विकायच्या गाडीला तर हेच शहाणपणाचं.

कारण असं. कारखान्यात रंगवतात तेव्हा गाडीला सीट नसतात, वायरी नसतात, प्लास्टिक नसतं. नुसता सांगाडा रंगाच्या कुंडात बुडवून अस्तर चढवतात आणि भट्टीत तापवतात. वरच्या रंगालाही १४० अंशांच्या आसपास ऊब देतात. गॅरेजात एवढी उष्णता देता येत नाही, प्लास्टिक वितळेल! म्हणून कारखान्याच्या रंगाचा टिकाऊपणा गॅरेजच्या रंगाला सहसा येत नाही. शिवाय जुन्या गाड्या घेणारे व्यापारी हल्ली खिशात एक लहानसं यंत्र घेऊन येतात. ते पत्र्याला टेकवलं की रंगाची जाडी सांगतं. कारखान्याचा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या डोक्याच्या दोन केसांएवढा. बॉनेट पुन्हा रंगवलेलं असलं की आकडा एकदम वाढलेला दिसतो आणि व्यापारी म्हणतो, "गाडी ठोकलेली दिसते." मग तुम्ही खडी म्हणा, डंपर म्हणा, तो भाव पाडणारच. चांगलं बॉनेट रंगवून घेऊन वर पदरचे पैसे घालवायचे, हा उलटा व्यवहार झाला.

"विमा कशाला काढलाय मग?" असंही कुणी म्हणेल. हिशेब करून बघा. क्लेम न करता चार वर्षं काढली असली तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीपोटी भरायच्या हप्त्यात ४५ टक्के सूट मिळते, पाच वर्षांनी ५० टक्के. टवक्यांसाठी क्लेम केलात की नूतनीकरणाच्या वेळी ती सूट जाते. वर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १००० रुपये तुमचेच. आणि गंमत म्हणजे ही सूट गाडीची नसते, मालकाची असते. गाडी विकताना विमा कंपनीकडून तसं पत्र घेतलं तर तीन वर्षांच्या आत घेतलेल्या दुसऱ्या गाडीला ती लावता येते. तेव्हा ती सांभाळा.

यजमानांचं "राहू दे" का ऐकायचं नाही, तेही सांगते. प्लास्टिकच्या बम्परवरचा टवका खुशाल राहू द्या. प्लास्टिक गंजत नाही, तिथे प्रश्न फक्त दिसण्याचा. पण बॉनेट आणि टप पत्र्याचे. रंग आणि अस्तर दोन्ही गेलं की लोखंडाला हवा-पाणी मिळतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. तो आजूबाजूचा चांगला रंग आतून उचलतो, टवक्याभोवती फुगवटा येतो आणि मुगाएवढ्या ठिपक्याचा रुपया व्हायला लागतो. आजकाल पुष्कळ गाड्यांच्या पत्र्याला जस्ताचा मुलामा असतो, त्यामुळे गंज लगेच धरत नाही. पण खड्याने मुलामाही खरवडला गेला असेल तर पावसाळ्यात तांबूस ठिपका दिसू लागतो. कोकणातल्या, समुद्राकाठच्या मैत्रिणींनी तर अजिबात वेळ दवडू नये. खारी हवा गंजाला फार मानवते. टपाच्या कडेवरचा तो एकटा टवका मला बॉनेटवरच्या पाचांपेक्षा जास्त काळजीचा वाटतो. तिथला गंज काचेच्या रबराखाली शिरला तर काढणं अवघड. तो आधी भरावा.

आता सामान. सगळ्यात महत्त्वाचा तो रंगाचा क्रमांक. "पांढरा द्या" म्हणून रंग आणू नये. साडीला फॉल आणताना आपण साडी बरोबर नेतो की नाही? पांढऱ्यातही साधा पांढरा, मोतिया पांढरा, निळसर झाक असलेला असे कितीतरी. पुढचं दार उघडलं की खांबावर किंवा बॉनेटखाली एक पट्टी नाहीतर स्टिकर असतो, त्यावर रंगाचा सांकेतिक क्रमांक असतो. सापडला नाही तर गाडीचा चॅसी नंबर घेऊन कंपनीच्या सुट्या भागांच्या दुकानात जावं, ते काढून देतात. त्या क्रमांकाची टच-अपची लहान बाटली किंवा पेन मिळतं. नाही मिळालं तर गाड्यांचे रंग विकणाऱ्या दुकानात क्रमांकावरून मिसळून घ्यावा. बरोबर प्रायमर, क्लिअर कोट म्हणजे वरचा पारदर्शक रंग, थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, २००० नंबरचा वॉटर पेपर, रबिंग कंपाउंड, दात कोरायच्या काड्या आणि मुलांच्या कंपासपेटीतली जुनी पेन्सिल. बाटलीच्या झाकणाला असतो तो ब्रश दूर ठेवून द्या. टवका मोहरीएवढा आणि ब्रश झाडूसारखा! चित्रकलेचा शून्य नंबरचा ब्रश नाहीतर काडीच बरी.

दिवस कोरडा निवडावा. पावसाळी दमट हवेत रंगावर पांढुरकी साय धरते. उन्हात तापलेल्या पत्र्यावरही करू नये, रंग टेकताक्षणी वाळतो आणि नीट पसरत नाही. दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांतली सकाळ, गाडी सावलीत, हे उत्तम.

आधी गाडी स्वच्छ धुऊन घ्यावी. कपड्यांची पावडर वापरू नका, ती खार असते. गाडीचा शाम्पू घ्यावा. पाणी टवक्यात राहतं, तेव्हा पूर्ण सुकू द्यावी. मग मऊ फडक्याला अल्कोहोल लावून टवका आणि भोवतालची जागा पुसावी. मेण-पॉलिशचा तेलकटपणा राहिला तर रंग धरत नाही. आता टवक्यात नीट बघा. पृष्ठभागावर नुसता पांढुरका ओरखडा दिसतो आणि खाली गाडीचाच रंग आहे, म्हणजे फक्त वरचा पारदर्शक थर गेला. तिथे प्रायमरची किंवा रंगाची गरज नाही, क्लिअर कोटचा एक ठिपका पुरे. आत करडं दिसलं तर अस्तर शाबूत आहे, सरळ रंग भरावा. चकचकीत धातू दिसला तर प्रायमर हवाच. आणि तांबूस दिसलं तर आधी गंज काढायचा. पेन्सिलच्या मागच्या रबराला वॉटर पेपरचा, जरा जाड, ८०० नंबरचा, चिमुकला तुकडा चिकटवावा आणि टवक्यावर टेकवून हलकेच फिरवावा. कोपऱ्यातलं सुईच्या टोकानं. आजूबाजूचे सुटलेले पोपडेही सुईनंच काढावेत, नाहीतर नवा रंग त्यांच्यावरच बसेल आणि त्यांच्याबरोबरच जाईल. पत्रा चमकेपर्यंत, पण त्याहून जास्त खरवडू नये, जस्त उगाच जातं. पुन्हा अल्कोहोलनं पुसून सुकू द्यावं.

प्रायमरचा एवढासा ठिपका काडीनं आत सोडावा. त्यानं टवका भरायचा नाही, तळ झाकायचा. तो वाळला (बाटलीवर वेळ लिहिलेली असते) की रंग. बाटली चांगली दोन मिनिटं हलवावी, आणि चंदेरी किंवा मोतिया रंग असेल तर आणखी जास्त. त्यात अॅल्युमिनियमची किंवा अभ्रकाची बारीक चकाकी असते, ती तळाशी बसते. पहिला ठिपका पांढऱ्या जाड कागदावर टाकून वाळू द्यावा, ओला रंग आणि वाळलेला रंग निराळा दिसतो. मग काडीच्या टोकावर थेंबभर घेऊन टवक्याच्या मधोमध टेकवायचा. ओढायचा नाही, फासायचा नाही. रंग आपोआप कडेपर्यंत पसरतो. घाई असते ती इथेच. एकदम भरून टाकला तर वरून वाळतो, आत ओला राहतो आणि मग सुरकुततो. पातळ दोन-तीन हात द्यावेत, मध्ये अर्धा अर्धा तास जाऊ द्यावा. वाळला की रंग बसतो, खड्डा पुन्हा दिसतो, त्यात पुढचा हात. कडेला पोचायला किंचित कमी असताना थांबावं, कारण वर क्लिअर कोट यायचा आहे. तो दुसऱ्या दिवशी, तसाच थेंबाथेंबानं, कडेपेक्षा केसभर वर येईल इतका.

थेंब जास्त पडला, कडेवरून ओघळला, तर घाबरू नका. ओला असेपर्यंत अल्कोहोलच्या फडक्यानं पुसून टाकावा आणि पुन्हा सुरुवात करावी. वाळून टेंगूळ आलं असेल तर पुढच्या आठवड्यात बघायचं. थिनर चोळण्याच्या भानगडीत पडू नये. पूर्वी कधी गॅरेजात रंगवलेला भाग असेल तर थिनरनं तोही उचलतो, आणि प्लास्टिक तर खराबच होतं.

आता आठवडाभर गाडी तशीच वापरा. आठवड्यानंतर टवक्याच्या जागी उंचवटा लागत असेल तर २००० नंबरचा पेपर पाण्यात भिजवून, त्यात साबणाचा थेंब टाकून, त्याच पेन्सिलच्या रबरावर लावून फक्त उंचवट्यावर हलक्या हातानं फिरवायचा. दोन-चार वेळा फिरवा, पुसा, बघा. पारदर्शक थर म्हणजे केसापेक्षाही पातळ, दोन मिनिटांत जाऊ शकतो. धीर नसेल त्यांनी ही पायरी सोडून द्यावी, उंचवटा राहिला तरी गंज थांबलाच आहे. घासलं असेल तर मंद झालेली जागा रबिंग कंपाउंडनं उजळून घ्यावी. मेण-पॉलिश महिनाभर लावू नये. आणि सांगून ठेवते, जवळून बघितलं तर ठिपका दिसणारच, चंदेरी गाडीवर जरा जास्त. दोन हातांवरून दिसला नाही की काम चांगलं झालं म्हणायचं.

नेलपॉलिश चालेल का, हे मला नेहमी कुणीतरी विचारतं. प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९२३ साली अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीचा 'ड्यूको' हा लवकर वाळणारा रंग ओकलंड नावाच्या मोटारींवर आला, आणि नखांचा आजचा रंग त्याच नायट्रोसेल्युलोजच्या कुळातला. आपले सुतार कपाटाला 'डुको मारू का' म्हणतात, तेही त्याच नावावरून आलं. पण नेलपॉलिश उन्हात पिवळं पडतं, तडकतं, आणि त्याचा रंग जुळेल ही आशाच नको. प्रवासात टवका उडाला, रात्री पाऊस लागणार आहे, जागा कोरडी आणि स्वच्छ आहे, तर बिनरंगी नेलपॉलिशचा एक थेंब टाकून पत्रा तात्पुरता झाकता येतो. घरी आल्यावर मात्र तो काढून मग काम करायचं. गंजावर तर कधीच लावू नये, गंज आत कोंडला जातो आणि वाढतच राहतो.

काचेवर खडा बसून चांदणी पडली असेल तर ते काम आपलं नाही. ताबडतोब चिकटपट्टी लावून जागा झाकावी म्हणजे धूळ-पाणी जाणार नाही, आणि राळ भरून देणाऱ्या कारागिराकडे न्यावी. तडा लांबला की काच बदलण्याशिवाय इलाज राहत नाही.

गाडी चालवणाऱ्यांनी खडीच्या डंपरमागे राहायचंच नाही. जागा मिळाली तर पुढे जावं, नाहीतर चक्क मागे पडावं. वेग दुप्पट झाला की खड्याचा मार चौपट होतो. नुकतंच डांबर टाकून वर बारीक कच पसरलेला रस्ता लागला तर चाळीसच्या आत चालवा, मागून कितीही हॉर्न वाजोत. आणि दसऱ्याला बॉनेटवर झेंडूचा हार तारेनं बांधू नका, सुतळीनं बांधा. तारेचे ओरखडे मी टवक्यांपेक्षा जास्त पाहिले आहेत. कुंकवाचं स्वस्तिकही त्याच संध्याकाळी ओल्या फडक्यानं टिपून घ्यावं.

साताऱ्याच्या ताईंनी रंगाची उरलेली बाटली झाकण घट्ट लावून, वर रंगाचा क्रमांक आणि तारीख लिहून, गॅसपासून दूर थंड जागी ठेवावी. पुढच्या वर्षी गिऱ्हाईक आलं की गाडीच्या कागदांबरोबर तीही पुढे करावी आणि कुठले टवके भरले ते बोटानं दाखवावं. मग त्यानं यंत्र लावून सगळं बॉनेट खुशाल मोजावं.