गल्ल्यातील न दिसणारी गळती



मागील अंकात या सदरातून ठेवींवरील नामनिर्देशनाविषयी लिहिले होते. या वेळचा विषय त्याहून अवघड आहे, कारण त्याविषयी आपल्या घरांत मोकळेपणाने बोलले जात नाही. तो विषय म्हणजे जुगार. आपल्या पूर्वाचार्यांनी सप्तव्यसने सांगितली, त्यांत द्यूताला पहिले स्थान दिले. लहानपणी पाठशाळेत ही नावे पाठ करताना वाटे, की हे दोष आपल्या वस्तीपासून फार दूरचे आहेत. बँकेतील नोकरीने तो गैरसमज दूर केला.

निवृत्तीपूर्वी काही वर्षे माझी नेमणूक पूर्व नागपुरातील एका शाखेत होती. लकडगंजातील एका लाकडाच्या टालीचे कॅश क्रेडिट खाते आमच्याकडे होते. व्यवहार पिता-पुत्रांचा, वडील जुने, शब्दाला जागणारे गृहस्थ. सकाळी देरासरात त्यांची व माझी रोज भेट होई. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) एका वर्षी या खात्याची चाल बिघडू लागली. मालाचे मासिक विवरणपत्र उशिरा येऊ लागले. क्रिकेटच्या हंगामात पंचवीस हजार, पन्नास हजार अशा ठोक रकमा रोखीने निघू लागल्या. पुरवठादारांचे धनादेश परत जाऊ लागले. मुलाला बोलावून विचारले, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, “काका, बाबांना सांगू नका. वीस दिवसांत सगळे पूर्ववत करून देतो.”

मी गप्प बसलो. गोपनीयतेचा नियम आडवा आला असे म्हणता येणार नाही, कारण वडील त्या पेढीचे भागीदारच होते. आडवा आला तो माझा संकोच. एका सज्जन माणसाला त्याच्या मुलाविषयी असे कसे सांगावे, हा प्रश्न मला सुटला नाही. दहा महिन्यांनी टाल विकावी लागली. कर्जाचा शेवटचा हप्ता भरायला वडील स्वतः आले होते. पावती घेऊन उठताना त्यांनी एवढेच विचारले, “साहेब, तुम्हाला दिसत होते ना?” या प्रश्नाचे उत्तर मी आजही देऊ शकलेलो नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा उशिरा केलेला प्रयत्न समजावा.

हे एकाच घराचे दुर्दैव असते तर लिहिण्याचे कारण नव्हते. जुलै २०२३ मध्ये नागपूर पोलिसांनी गोंदिया येथील एका सट्टेबाजाच्या घरी छापा घातला, त्याचे वृत्त आपण सर्वांनी वाचले आहे. मोबाइलवरील जुगारात आपली सुमारे ५८ कोटी रुपयांची फसवणूक झाली, अशी नागपूरच्या एका व्यापाऱ्याची तक्रार होती. छाप्यात कोट्यवधींची रोकड, सोने आणि चांदी सापडली. संशयित त्याआधीच दुबईकडे निघून गेल्याचे सांगण्यात आले. ५८ कोटी गमावणारा मनुष्य अडाणी नव्हता. हिशेब जाणणारा, बाजार ओळखणारा व्यापारी होता. म्हणून “आम्हाला व्यवहार कळतो, आमचे असे होणार नाही” या भरवशावर कोणी राहू नये.

प्रथम हिशेबच पाहू. मटका हा मुंबईचा जुना खेळ. १९६० च्या दशकात न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील भावांच्या आकड्यांवर पैजा लागत. पुढे चिठ्ठ्या काढून आकडे ठरू लागले. त्यात शून्य ते नऊ अशा दहा अंकांपैकी एकावर पैसे लावतात आणि अंक लागल्यास एका रुपयास साधारण नऊ रुपये मिळतात. आता समजा, एखाद्याने दहाही अंकांवर एकेक रुपया लावला. गेले दहा, आले नऊ. म्हणजे प्रत्येक फेरीत शेकडा दहा रुपये चालवणाऱ्याचे. दहा हजारांची रक्कम याच दराने पुन्हा पुन्हा फिरवत राहिल्यास दहा फेऱ्यांनंतर सरासरीने ३,४८७ रुपये उरतात. एखादा दिवस एखाद्याचा असतो, परंतु वर्ष नेहमी चालवणाऱ्याचेच असते. ज्या मालात खरेदीच्या क्षणीच शेकडा दहाची खोट आहे, तो माल आपल्यापैकी कोणी दुकानात भरील काय?

यावर तरुण मंडळी म्हणतात, “व्यापारातही जोखीम असतेच.” असते. परंतु व्यापारी मालाचा दर्जा पाहतो, गिऱ्हाइकाची पत जोखतो, विमा उतरवतो आणि भाव पडला तर तोटा पत्करून माल काढून टाकतो. जुगारी तोट्यात माल काढत नाही. तो तोट्यावर आणखी पैसे लावतो. याच कसोटीवर शेअर बाजारातील वायदे आणि ऑप्शनचे व्यवहारही तपासावेत. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार मागील तीन आर्थिक वर्षांत अशा व्यवहारांत उतरलेल्या दर १०० वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ जणांना तोटा झाला आणि तो सरासरी प्रत्येकी सुमारे दोन लाख रुपयांचा होता. डब्बा व्यवहारांची तर गोष्टच वेगळी. ते बेकायदा आहेत आणि तेथे तक्रार ऐकणारेही कोणी नाही.

आता मर्यादेविषयी. दिवाळीच्या रात्री पत्ते मांडण्याची चाल काही घरांत आहे, राज्याची लॉटरी १९६९ पासून आहे आणि गोव्याला गेलेली मंडळी कॅसिनो पाहून येतात. माझे मत विचाराल तर न खेळणे हाच उत्तम मार्ग. परंतु केवळ उपदेशाने प्रश्न सुटत नाही, म्हणून जे खेळतातच त्यांच्यासाठी बँकवाल्याचे पाच नियम सांगतो. खेळण्यापूर्वी रक्कम ठरवावी आणि ती गेली असेच धरून चालावे. वेळही आधीच ठरवावी. उसने, कर्जाऊ किंवा दुकानाच्या गल्ल्यातील पैसे कधीही लावू नयेत. हरलेले भरून काढण्यासाठी त्याच दिवशी पुन्हा बसू नये. आणि जे खेळलो ते घरी सांगता आले पाहिजे. यांपैकी एकही नियम पाळणे जड जात असेल, तर तो खेळ राहिलेला नाही.

मोबाइलवर पैसे लावून खेळायच्या खेळांना मात्र हे नियमही लागू करू नयेत. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या केंद्रीय कायद्याने असे खेळ चालवणे, त्यांची जाहिरात करणे आणि त्यांचे पैसे वळते करणे यांवर बंदी घातली आहे. चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. केवळ खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. म्हणून अडकलेल्या तरुणाने भीतीपोटी लपून राहू नये. मात्र, ‘तुमचे चालू खाते वापरायला द्या, महिन्याला रक्कम देतो’ असे कोणी म्हटले तर स्पष्ट नकार द्यावा. सट्ट्याचे पैसे फिरवण्यासाठी खाते देणारा गुन्ह्यात सापडतो, हे व्यापारी घरांनी विशेष लक्षात ठेवावे.

जुगाराचे व्यसन हा केवळ स्वभावदोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेने त्याची नोंद आजारांच्या वर्गीकरणात केली आहे. डॉक्टर प्राथमिक चाचणीसाठी दोनच प्रश्न विचारतात. दिवसेंदिवस अधिकाधिक रक्कम लावावी अशी गरज तुम्हाला कधी वाटली आहे काय? आपण किती खेळतो याविषयी जवळच्या माणसांशी खोटे बोलावे लागले आहे काय? एकाही प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असल्यास तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यावी.

घरच्यांना दिसणारी चिन्हेही असतात. खेळ थांबवला की चिडचिड व अस्वस्थता. थांबवण्याचे संकल्प करून पुन्हा पुन्हा मोडणे. उदास असताना खेळाकडे वळणे. हरलेले परत मिळवण्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा बसणे. व्यापारी घरांत यांत आणखी भर पडते. गल्ला व वही जुळत नाही. गिऱ्हाइकाकडील उधारी परस्पर वसूल होते आणि जमेला येत नाही. जुन्या पुरवठादाराचे पैसे थकतात. घरातील दागिना ‘पॉलिशला दिला’ असे सांगितले जाते. फोन कायम पालथा ठेवलेला असतो, मध्यरात्री लहान लहान रकमा खात्यातून जातात आणि मध्येच एखाद्या दिवशी घरात अकारण महागडी भेटवस्तू येते. एका चिन्हावरून कोणावर आरोप करू नये. तीन-चार एकत्र दिसली तर गप्प मात्र बसू नये.

मग करावे काय? आपल्या घरांची पहिली प्रतिक्रिया असते, की बाहेर कळण्याआधी कर्ज फेडून टाकावे. प्रेमापोटी होणारी हीच मोठी चूक आहे. हिशेब न मागता फेडलेले कर्ज म्हणजे खेळणाऱ्याला मिळालेली नवी मर्यादा. आधी सर्व देणी एका कागदावर लिहून घ्यावीत. सावकाराची, मित्रांची, कर्ज देणाऱ्या ॲपची, सगळी. त्यानंतरच, तेही त्याच्या हाती रोख न देता, थेट देणेकऱ्यास द्यावे. पैजेचा करार भारतीय करार कायद्याच्या कलम ३० नुसार निरर्थक आहे; पैजेत हरलेली रक्कम कोणी न्यायालयात दावा करून वसूल करू शकत नाही. विनापरवाना सावकारी हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. धमकी आल्यास पोलिसांकडे जावे. ॲपवर फसवणूक झाली असल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

बँकेत जाऊन खाते दोघांच्या सह्यांचे करून घ्यावे, यूपीआयची दैनिक मर्यादा कमी करावी, क्रेडिट कार्ड बंद करावे. हे शिक्षा म्हणून करायचे नाही. मोडलेल्या हाताला प्लास्टर बांधतात तसे करायचे आहे. त्याच वेळी मनोविकारतज्ज्ञांना भेटावे. समुपदेशनाने हा आजार आटोक्यात येतो. टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसा-रात्री केव्हाही विनामूल्य बोलता येते, मराठीतही. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. कर्जात बुडालेला मुलगा जर म्हणाला, “मी नसलेलोच बरा”, तर ते नाटक समजू नये. त्या रात्री त्याला एकटे सोडू नये आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. टाल पुन्हा उभी करता येते.

ज्या मुलाची हकिकत सुरुवातीला सांगितली, तो आज कळमना येथे एका आडत्याकडे हिशेबनीस आहे. त्याचा पगार पत्नीच्या खात्यात जमा होतो आणि दर रविवारी तो तिला आठवड्याचा खर्च वाचून दाखवतो. त्याला खेळ सोडून बरीच वर्षे झाली. गेल्या पर्युषणात क्षमापनेच्या दिवशी तो माझ्या घरी आला. मी त्याला म्हणालो, “क्षमा मी मागायला हवी. तेव्हा तुझ्या वडिलांना सांगायला हवे होते.” तो थोडा वेळ थांबून म्हणाला, “सांगितले असते, तर त्या दिवशी मला तुमचा फार राग आला असता, काका.” मग म्हणाला, “पण टाल राहिली असती.”

ज्याला दिसते, त्याने त्या रागाची भीती बाळगू नये.