तलावाचे पाणी आणि आमच्या पोरांचे मनगट

राधानगरीचा लक्ष्मी तलाव कोणी बांधला, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. १९०८ च्या सुमारास शाहू छत्रपतींनी भोगावती अडविण्याचे काम हाती घेतले. पैशाच्या ओढीने ते १९१८ साली थांबले. महाराज १९२२ साली निवर्तले आणि धरण पुरे व्हावयास स्वातंत्र्य यावे लागले. पुढे त्याच्या पायथ्याशी वीजघर उभे राहिले. वरून पडणारे पाणी चाक फिरविते, वीज देते आणि तेच पाणी खाली नदीत उतरून, बंधाऱ्यांवर अडून, आमच्या उसाला मिळते. वीज पाणी पिऊन टाकीत नाही. एका पाण्याची दोन कामे होतात.

आमचे म्हणणे असे की, या पाण्याचे तिसरेही एक काम आहे. न्यूझीलंड देशात वायकाटो नदीवर कारापिरो नावाचे धरण १९४७ साली झाले. तेही विजेसाठीच. परंतु तेथील लोकांनी त्या तलावावर वल्ह्याच्या नावा घातल्या आणि १९७८ व २०१० अशा दोन साली साऱ्या जगाच्या नौकाशर्यती तेथे भरल्या. वीज थांबली नाही, पाणीही आटले नाही.

कोणी म्हणेल, हा श्रीमंतांचा खेळ, कुणब्याच्या पोराला त्याचे काय? त्यास आमचे उत्तर दत्तू भोकनळ हे आहे. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यात तळेगाव रोही येथे विहिरी खोदणाऱ्या मजुराच्या पोटी हा मुलगा जन्मला. २०१२ साली सैन्यात गेल्यावर वल्हे त्याच्या हाती आले. चारच वर्षांनी, २०१६ साली, रिओच्या ऑलिंपिकमध्ये एकट्याच्या नावेत तो तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धांत चौघांच्या नावेत त्याने सुवर्णपदक मिळविले. ज्या गावी पाण्यासाठी विहिरी खणाव्या लागतात त्या गावचा पोरगा हे करितो. मग ज्यांच्या दारात समुद्राएवढे पाणी पसरले आहे त्यांची पोरे काठावर बसून का राहावीत? मनगटात बळ नाही म्हणावे, तर सांगलीस कृष्णेच्या पुरात होड्यांच्या शर्यती कोण मारतो? आमचीच पोरे ना!

अडचणी आहेत, त्या आम्ही लपवीत नाही. लक्ष्मी तलावास लागून अभयारण्य आहे. गव्यांच्या रानात भोंगे व इंजिनाच्या होड्या नकोत, हे आम्हांस मान्य आहे; वल्ह्याला इंजिन लागत नाही. तरीही तेथे नको म्हणत असाल, तर जिल्ह्यातला दुसरा तलाव दाखवा. उन्हाळ्यात पाणी खाली जाते. तेव्हा शर्यती पावसाळ्यानंतर घ्या. शर्यतीची नाव महाग असते. परंतु शिकण्यापुरती लाकडी नाव आमचा सुतार करून देईल आणि त्यालाही काम मिळेल.

एक गोष्ट मात्र बजावून सांगतो. धरणात ज्यांची शेते बुडाली, त्यांनी पाणी दिले, वीज दिली. स्वतःस काय उरले? आता त्या पाण्यावर शहरातील मंडळींसाठी भाड्याच्या होड्या फिरणार आणि धरणग्रस्ताचा मुलगा त्यांच्या चपला सांभाळणार असेल, तर तसला नौकाविहार आम्हांस नको. नावेत पहिली जागा त्या मुलाची, आणि मुलीचीही. शिकवणारा सरकारने द्यावा, फी घेऊ नये.

बंधूंनो, मागितल्यावाचून आपणांस काही मिळालेले नाही. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा, मुलांची नावे लिहून घ्या आणि ठरावाची नक्कल पाटबंधारे, वन व क्रीडा या तिन्ही खात्यांकडे धाडा. राजाने तलाव रयतेसाठी बांधला. त्याचा पुरा उपयोग करून घेणे हे आता रयतेचे काम आहे.