पासपोर्ट बघून मास्तर नेमणारे



सध्या आपल्या बडोद्यात दोन माणसं भेटली की एच-वन-बी चा विषय निघतोच. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावलं, तेव्हापासून ज्यांची मुलं तिकडे आहेत ते आणि ज्यांची नाहीत तेही तावातावाने बोलतायत. बोलावंच. पण परदेशातला आणखी एक दरवाजा आपल्या मुलामुलींना कित्येक वर्षं जवळजवळ बंद आहे, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. तो म्हणजे इंग्रजी शिकवण्याच्या नोकरीचा.

दक्षिण कोरियाचं उदाहरण घ्या. तिथे इंग्रजी शिकवायला ई-टू नावाचा व्हिसा लागतो. तो मुख्यतः सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. या देशांतल्या उमेदवाराची पदवी कुठल्याही विषयाची असली तरी चालते. आपल्यासाठी एक खिडकी आहे. भारत-कोरिया करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला, त्यात भारतीयांना शाळेत सहायक शिक्षक म्हणून जाण्याची तरतूद आहे. पण त्यासाठी पदवीसोबत शिक्षकाचा परवानाही हवा. म्हणजे जास्त शिकलेल्याला खिडकी आणि कमी शिकलेल्याला दरवाजा!

कुणी म्हणेल, ‘अहो काका, इंग्रजी ही त्यांची मातृभाषा आहे.’ मग दक्षिण आफ्रिकेचं काय? त्यांच्या २०११ च्या जनगणनेत घरी इंग्रजी बोलणारे दहा टक्क्यांहूनही कमी होते. म्हणून तिथल्या उमेदवाराकडे कोरिया इंग्रजी माध्यमातून शिकल्याचा पुरावा मागतो. अगदी योग्य. तोच पुरावा आमच्या पोरीकडे मागा ना! ती बालवाडीपासूनचा देईल. आणखी गंमत बघा. ब्रिटन व्हिसासाठी ज्या देशांच्या नागरिकांना इंग्रजीची परीक्षा माफ करतो, त्या यादीत जमैका आहे, दक्षिण आफ्रिका नाही. कोरियाच्या यादीत दक्षिण आफ्रिका आहे, जमैका नाही. एकच भाषा, दोन कचेऱ्या आणि दोन याद्या. हा हिशेब कुठल्याही ऑडिटरने पास केला नसता.

माझी पुतणी इंग्रजी घेऊन एम.ए., बी.एड. आहे. शाळेत दहा वर्षं शिकवतेय. तिकडच्या एका खाजगी क्लासने व्हिडिओवर तिची मुलाखत घेतली. अर्धा तास छान बोलणं झालं. शेवटी विचारलं, पासपोर्ट कुठला? भारतीय म्हटल्यावर ‘कळवतो’ म्हणाले. अजून कळवतायत. मी छत्तीस वर्षं बँकेत काढली. कर्ज देताना ताळेबंद बघितला, तारण बघितलं, फेडायची ऐपत बघितली. नुसतं आडनाव बघून कर्ज मंजूर केलं असतं तर चौकशी लागली असती माझ्यावर.

उच्चाराचा मुद्दाही नेहमी निघतो. ग्लासगोचा माणूस आणि टेक्सासचा माणूस एकसारखं बोलतात का? ते दोघे चालतात आणि पुण्या-बडोद्याचा उच्चार मात्र खटकतो. ‘देश त्यांचा, नियम त्यांचे’ हेही मान्य. फक्त त्याला गुणवत्ता म्हणू नका. गुणवत्ता हवी असेल तर सगळ्यांची सारखी परीक्षा घ्या. आमची पोरं पैसे भरून आयईएलटीएस देतातच, तीच परीक्षा सातही देशांच्या उमेदवारांना लावा.

हे सगळं बडोदेकरांनी तरी बोलायलाच हवं. सयाजीराव महाराजांच्या नोकरीत १८९३ साली एक तरुण आला, अरविंद घोष. जन्म कोलकात्याचा, शिक्षण इंग्लंडात. पुढे आपल्या बडोदा कॉलेजात त्यांनी इंग्रजी शिकवलं. महाराजांनी विद्या पाहिली. आज तसाच तरुण भारतीय पासपोर्ट घेऊन सोलच्या क्लासच्या दारात उभा राहिला तर त्यालाही ‘कळवतो’च ऐकावं लागेल.

पण मंडळी, नुसता कोरियाला दोष देऊन भागणार नाही. आपण काय करतो? मुलगा कॅनडात गोदामात खोकी उचलत असला तरी ‘फॉरेनला आहे’ म्हणून पेढे वाटतो. आणि मुलगी थायलंडच्या शाळेत इंग्रजी शिकवते म्हटलं की, ‘म्हणजे नुसती मास्तरीणच ना?’ लग्नाच्या बायोडेटात ते ओशाळून लिहितात! आपल्याकडच्या इंग्रजी शाळासुद्धा जाहिरातीत गोऱ्या चेहऱ्याचा फोटो छापतात आणि वर्गात शिकवणाऱ्या आपल्या बाईंना तुटपुंज्या पगारावर राबवतात. घरातच ज्या मालाला भाव नाही, त्याला बाहेर कोण भाव देणार?

आपले पूर्वज गायकवाडांबरोबर या परमुलखात आले, गुजराती शिकले, आणि त्यातल्या कित्येकांनी इथल्या मुलांना शिकवलं. मास्तरकीची लाज आपल्याला परवडणारी नाही.

म्हणून दोन गोष्टी करा. भारत-कोरिया करार सुधारण्याच्या वाटाघाटी २०१६ पासून चालू आहेत. पासपोर्टऐवजी परीक्षा लावा, ही मागणी त्यात यावी म्हणून आपल्या खासदारांना पत्र लिहा. मी लिहिलंय, टपालाने, पोचपावतीसह. आणि दुसरं, घरातली मुलगी ‘मला बाहेर जाऊन इंग्रजी शिकवायचंय’ म्हणाली तर तोंड वाकडं करू नका. तिचा पासपोर्ट काढायला तुम्ही सोबत जा.