जुनी मोटार घेतांना एंजिनाची पारख

घर घेतांना आपण भिंती ठोकून पाहतों, कागदपत्र वाचून घेतों. गाय घेतांना तिचे दांत पाहतों आणि धार काढल्यावांचून पैसे देत नाहीं. परंतु हाच सावध गृहस्थ जुनी मोटार घ्यावयास निघाला म्हणजे तिचा रंग आणि चकाकणारा पत्रा पाहून विरघळतो, व जिच्यासाठीं पैसे मोजावयाचे तें एंजिन झांकणाखालींच राहतें. गेल्या महिन्यांत आमच्या घरींच असा प्रसंग आला. वाचकांपैकीं कोणाच्या तरी उपयोगीं पडेल, म्हणून या खेपेचें पान त्यासच देतों.

माझा भाचा खामगांवीं असतो. त्याच्या वडिलांजवळ पूर्वीं अँबॅसडर होती; ते गेल्यापासून तसलीच एक गाडी दारांत असावी हा त्याचा ध्यास. चिखलीस एका गृहस्थांची १९७२ सालची अँबॅसडर विकाऊ आहे असें कळतांच त्याचा फोन आला, “मामा, गाडी अगदीं मूळची आहे. उद्यां विसार देतों. तुम्ही बरोबर या.” सौदा दोन लाखांचा, विसार पंचवीस हजारांचा. हे पैसे त्यानें मुलीच्या शिक्षणासाठीं बाजूस ठेवलेल्या रकमेंतून काढले होते, असें रात्रीं माझ्या बहिणीनें सांगितलें. तेव्हां मला स्वस्थ बसवेना. मोटारदुरुस्तीचा धंदा करणारा माझा एक जुना विद्यार्थी आहे. बुलढाण्याहून निघतांना त्यास बरोबर घेतलें. पुढें जें लिहिलें आहे त्यांतलें पुष्कळसें त्याच्यापासून शिकलों, हें सांगण्यांत मला कमीपणा वाटत नाहीं.

अँबॅसडर १९५७ सालीं निघाली आणि उत्तरपारा येथील हिंदुस्थान मोटर्सच्या कारखान्यांत तिचें उत्पादन मे २०१४ मध्यें थांबलें. या सत्तावन वर्षांत तिची अंगकाठी फारशी पालटली नाहीं. एंजिन मात्र अनेकदां पालटलें. अगदीं आरंभींच्या गाडींत १४७६ घन सेंटिमीटरचें एंजिन होतें. त्याच्या झडपा सिलिंडरच्या बाजूस असत. म्हणून त्याचें डोकें सपाट असून स्पार्क प्लग त्यावर उभे दिसतात. १९५९ च्या सुमारास १४८९ चें एंजिन आलें. त्याच्या झडपा वर असतात आणि त्यांवर पत्र्याचें लांबट झांकण असतें. मिस्त्री लोक त्यास टॅपेट कव्हर म्हणतात. याच्या एका अंगास कार्बोरेटर व धुराचा नळ आणि दुसऱ्या अंगास प्लग व डिस्ट्रिब्युटर, अशी मांडणी असते.

१९८० च्या सुमारास डिझेलचें एंजिन निघालें, तेंही १४८९ चेंच! म्हणून पुस्तकांतील घन सेंटिमीटरच्या आंकड्यावरून पेट्रोल कीं डिझेल हें ठरवूं नये. डिझेलच्या एंजिनास स्पार्क प्लग व डिस्ट्रिब्युटर नसतात. पंप, नोझल आणि त्यांस जोडणाऱ्या पोलादी बारीक नळ्या असतात. पुढें १९९२ च्या सुमारास इसुझूचें १८१७ चें पेट्रोल एंजिन पांच गिअरांसह आलें, आणि नंतर त्याच घराण्याचें १९९५ चें डिझेल एंजिन. येथें १९९५ हा आंकडा सालाचा नसून घन सेंटिमीटरचा आहे, हें ध्यानांत ठेवावें. पेट्रोल महाग व डिझेल स्वस्त, या हिशेबानें पुष्कळ मालकांनीं जुन्या गाड्यांत मागाहून डिझेलचीं एंजिनें बसविलीं. यामुळें बाहेरून गाडी एका काळची आणि आंतून दुसऱ्या काळची, असा प्रकार सर्रास आढळतो.

जीपची गोष्ट थोडी निराळी. विलिसच्या सीजे-३बी जातीच्या जीपचें बॉनेट इतकें उंच कां, असें पुष्कळांस वाटतें. तिचें ‘हरिकेन’ एंजिन पूर्वींच्या एंजिनापेक्षां उंच होतें, म्हणून झांकण वर न्यावें लागलें. तेथें अंगावरून आंतल्या एंजिनाचा तर्क करतां येतो. तथापि जीपांचींही एंजिनें मागाहून बदललेलीं असतात, तेव्हां तेथेंही तर्कावर विसंबूं नये.

आमच्या नैयायिकांनीं ज्ञानाचीं चार साधनें सांगितलीं आहेत. तीं येथें चांगलीं उपयोगीं पडतात. पहिलें शब्द. आर. सी. बुकांत इंधन, सिलिंडरांची संख्या, घन सेंटिमीटर, निर्मितीचें साल, एंजिनाचा व चासीचा क्रमांक हीं सर्व असतात. तीं घरीं नीट उतरून घ्यावीं. विकणाराचा शब्द हाही शब्दच. पण तो आप्ताचा नव्हे, हें विसरूं नये. दुसरें उपमान. गाय ठाऊक असणारा रानांत गवय ओळखतो. त्याप्रमाणें ज्या एंजिनाविषयीं शंका नाहीं असें एखादें आधीं डोळ्यांखालून घालावें आणि मग नव्याशीं ताडून पाहावें. तिसरें अनुमान. गाडी थंड असतांना आपल्यासमोर सुरू करावयास लावावी. निळा धूर निघाल्यास एंजिन ऑइल जाळतें, काळा निघाल्यास इंधन फाजील जातें, आणि एंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर थांबला नाहीं तर पाणी आंत शिरतें, असें समजावें. यावरून एंजिनाची प्रकृति कळते. परंतु तें त्याच गाडीचें आहे कीं नाहीं, हें कळत नाहीं. तें कळावयास चौथें साधनच हवें, तें प्रत्यक्ष. एंजिनाच्या ब्लॉकवर क्रमांक असतो, तो स्वतःच्या डोळ्यांनीं वाचून पुस्तकाशीं अक्षर अन् अक्षर जुळवावा.

चिखलीस आम्हीं हेंच केलें. गाडी खरोखर देखणी होती. बॉनेट उघडतांच टॅपेट कव्हर, एका अंगास कार्बोरेटर, दुसऱ्या अंगास प्लग, सर्व यथास्थित दिसलें. पुस्तकांतही पेट्रोल व १४८९ असेंच होतें. भाच्यानें खिशांतल्या पाकिटाला हात घातला. माझ्या विद्यार्थ्यानें मात्र रॉकेलचा बोळा मागितला आणि ब्लॉकवरचा मळ व नवा रंग पुसून काढला. तो क्रमांक वाचूं लागला आणि मी पुस्तकांत बोट ठेवून ऐकूं लागलों. चासीचा क्रमांक जुळला. एंजिनाचा जुळला नाहीं. तो म्हणाला, “एंजिन वाईट नाहीं, गुरुजी, पण हें या गाडीचें नाहीं.”

मालक गृहस्थ सभ्य होते. त्यांचा चेहरा उतरला. दहा वर्षांपूर्वीं घेतांना त्यांनींही क्रमांक पाहिला नव्हता. आधींच्या कोणी मालकानें केव्हां तरी एंजिन बदलून नोंद केली नव्हती. त्यांनीं फसविलें असें मी म्हणणार नाहीं. परंतु न पाहतां घेतलेली चूक न पाहतां दुसऱ्यास देऊं नये, एवढें खरें.

कोणी म्हणेल, एंजिन चालतें ना, मग क्रमांकाचें एवढें काय? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणें बदललेल्या एंजिनाची नोंद करून घेणें हें मालकाचें कर्तव्य आहे. नोंद नसेल तर गाडी नांवावर करतांना, पुन्हां नोंदणी करतांना आणि विम्याच्या दाव्याच्या वेळीं तोच क्रमांक आडवा येतो. शिवाय जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठीं ‘व्हिंटेज’ नोंदणीचे नियम केले. त्यांस ‘व्हीए’ अक्षरांची निराळी पाटी मिळते. पण गाडी मूळ स्वरूपांत असली पाहिजे, आणि ती रोजच्या वापरास घेतां येत नाहीं. भाच्याच्या मनांत हीच पाटी होती. गाडी ‘अगदीं मूळची’ हे दोन शब्द तेथें किती महागांत पडले असते, हें वाचकांनींच पाहावें.

विसार दिला नाहीं. मालकांनीं नोंद दुरुस्त करून घेण्याचें मान्य केलें आहे; ती झाल्यावर, आणि किंमत त्या मानानें उतरल्यास, पुढचें पाहूं. परत येतांना भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “मामा, बाबांच्या गाडीचा नंबर मी कधीं वाचला नव्हता.” मीं म्हटलें, “तुझ्या बाबांची गाडी विकत घ्यावयाची नव्हती, बाबा. ही घ्यावयाची आहे.” ते पंचवीस हजार दुसऱ्या दिवशीं पुन्हां मुलीच्या खात्यांत गेले, असें बहिणीनें कळविलें आहे.