पावसाने झोडपलं तर दाद कुणाकडे?



पावसाळा आला की माझ्या मोबाईलवर दरवर्षी एक ठराविक निरोप येतो. "खराब हवामानामुळे आपल्या भागातील सेवेत व्यत्यय आला होता. गैरसोयीबद्दल क्षमस्व." निरोप अर्थातच सेवा सुरू झाल्यावर येतो, बंद असताना तो येणार तरी कसा? असो.

मी जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला. त्यामुळे वाक्य समोर आलं की ते सोडवून बघायची खोड अजून गेलेली नाही. 'मुळे' हे कारण दाखवणारं शब्दयोगी अव्यय. ते 'हवामान' या शब्दाला चिकटवलं की कारण सापडलं, वाक्य संपलं आणि माणूस सुटला! या वाक्यात कंपनी कुठेही नाही. टॉवर नाही, बॅटरी नाही, निर्णय घेणारा कुणी नाही. नुसतं हवामान आहे.

आपल्याकडे म्हण आहे, राजाने मारलं आणि पावसाने झोडपलं तर दाद कुणाकडे मागायची? माझं म्हणणं असं की हल्ली राजा मारतो आणि नाव पावसाचं सांगतो. आज तेच जरा तपशिलाने लिहायचं आहे. लेख लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

आधी पावसाचा खरा गुन्हा किती ते पाहू. मी विज्ञान शिकवलेलं नाही, पण पुण्याचा माझा भाचा दूरसंचार खात्यात अभियंता होता, त्याच्याकडून आणि पुस्तकांतून हे समजून घेतलं. मूळ गोष्ट शाळेतल्या मुलाला कळेल इतकी साधी आहे. रेडिओलहरीला लांबी असते आणि पावसाच्या थेंबाला आकार असतो. थेंब लहरीच्या मानाने अगदी बारीक असला तर लहर त्याची दखलही घेत नाही. दोघांची मापं जवळ आली की थेंब लहरीची ऊर्जा शोषतो आणि उरलेली इकडेतिकडे फेकतो.

आता मापं बघा. पावसाचा मोठ्यात मोठा थेंब पाच-सहा मिलिमीटरचा. आपल्या मोबाईलची ९०० मेगाहर्ट्झची लहर साधारण ३३ सेंटीमीटर, म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीपेक्षा थोडी मोठी. १८०० मेगाहर्ट्झची त्याच्या निम्मी. फूटपट्टीपुढे साबुदाण्याएवढा थेंब काय करणार? तासाला १०० मिलिमीटर या वेगाने पाऊस कोसळत असला तरी या लहरींची घट किलोमीटरमागे डेसिबलच्या शंभराव्या भागाच्या आसपास असते. दहा किलोमीटर गेली तरी शंभरातले फार तर अडीच भाग कमी होतील. म्हणजे टॉवर आणि तुमचा फोन यांच्यामध्ये पडणारा पाऊस जवळजवळ निर्दोष आहे!

छपरावरच्या टीव्हीच्या छत्रीची गोष्ट वेगळी. उपग्रहाकडून येणारी ती लहर सुमारे अडीच सेंटीमीटर, म्हणजे एक इंच. तिला पाऊस नडतो. ऐन मालिकेच्या वेळी चित्र थिजतं ते त्यामुळे, आणि तिथे सूनबाईंनी पावसावर चिडणं मला मान्य आहे.

टॉवरवर ढोलासारखे गोल डबे लावलेले दिसतात ना, ते एका टॉवरला दुसऱ्या टॉवरशी जोडतात. त्यांच्यातल्या काहींची लहर जेमतेम दीड-पावणेदोन सेंटीमीटर असते, काहींची एका सेंटीमीटरहूनही कमी. १८ गिगाहर्ट्झच्या जोडणीत तेवढ्याच मुसळधार पावसात दर किलोमीटरला सुमारे १० डेसिबल घट होते. दहा डेसिबल म्हणजे दहावा हिस्सा उरणं. दोन किलोमीटरवर शंभरावा, तीनवर हजारावा. इथे पाऊस खरोखर आडवा येतो. पण ही लहर तिथे पावसाने लावलेली नाही, माणसाने निवडली आहे. सहा-सात गिगाहर्ट्झची लांब लहर निवडली असती तर तोच पाऊस तिने बराच सहज पेलला असता.

प्रकाशाच्या जोडण्यांचं सगळं उलटं आहे. तारेशिवाय, नुसत्या प्रकाशाच्या झोतावरून बोलणं पाठवायची कल्पना ग्रॅहॅम बेलची. १८८० साली त्याने वॉशिंग्टनमध्ये आरशावरून परावर्तित केलेल्या सूर्यकिरणावर आवाज २१३ मीटर पाठवला. यंत्राचं नाव फोटोफोन. ढग आला की संभाषण संपलं! आज सूर्याच्या जागी लेसर आहे, पण हवा तीच आहे. या लेसरची लहर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असते आणि धुक्याचे कण त्याच मापाचे किंवा काही पट मोठे. म्हणून मोबाईलच्या लहरीला जे धुकं दिसतही नाही, ते या झोताला भिंतीसारखं. दाट धुक्यात एका किलोमीटरला १०० डेसिबलहून जास्त घट होते, मुसळधार पावसापेक्षा कितीतरी अधिक. शिवाय उन्हाने तापलेल्या रस्त्यावर हवा थरथरताना आपण बघतो, तशा हवेतून जाताना झोतही थरथरतो.

आसपासचा परिसरही मध्ये येतो. भिजलेली झाडी कोरड्या झाडीपेक्षा जास्त लहरी गिळते. समोरचा टॉवर नुसता दिसून भागत नाही, दृष्टिरेषेभोवती मोकळी जागा लागते. सहा गिगाहर्ट्झच्या दहा किलोमीटर लांब जोडणीला मध्यावर रेषेभोवती अकरा मीटरची. आज खुजी असलेली माडाची रोपं वीस वर्षांनी कुठे पोचतील हे आमच्या वाडीतला गडीसुद्धा सांगेल.

हवा कधी कधी मदतही करते बरं का. दुसऱ्या महायुद्धात मुंबईत बसवलेल्या रडारला उन्हाळ्यात हजार मैलांहून दूरचा अरबस्तानचा किनारा दिसायचा. समुद्रावरच्या थंड ओलसर हवेवर कोरड्या गरम हवेचा थर बसला की लहरी त्या थराखालून बोगद्यातून गेल्यासारख्या वाकून लांब जातात. पावसाळा लागला की ते दृश्य बंद. तेव्हाच्या लोकांनी या सगळ्याची नोंद केली, कारण शोधलं आणि पुस्तकात छापलं.

हे एवढं रामायण कशासाठी? तर यातलं काहीही अनपेक्षित नाही हे सांगण्यासाठी. पावसाने किती घट होते याची सूत्रं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने छापून ठेवली आहेत, कुठे किती जोराचा पाऊस पडतो याचे नकाशेही केले आहेत. २००६ साली तेल अवीव विद्यापीठातल्या संशोधकांनी तर हे गणित उलटं करून दाखवलं. टॉवर-टॉवरमधला सिग्नल किती घटला यावरून पाऊस किती पडला ते मोजलं! पुढे २०१३ मध्ये नेदरलँड्समध्ये याच पद्धतीने अख्ख्या देशाचे पावसाचे नकाशे काढले गेले. जी घट इतकी नेमकी की तिचा पर्जन्यमापक होतो, तिला 'अचानक आलेली आपत्ती' म्हणणं कुठल्या तोंडाने जमतं?

अभियंते मंडळी जोडणी आखताना एक आकडा ठरवतात, वर्षातला किती वेळ ती बंद पडली तर चालेल. ०.०१ टक्का ठरवला तर वर्षाला सुमारे ५३ मिनिटं. ०.१ टक्का ठरवला तर पावणेनऊ तास. त्यानुसार टॉवरमधलं अंतर, लहर, ताकद, पर्यायी वाट ठरते आणि अर्थात खर्च ठरतो. म्हणजे आमच्या गावाचा फोन किती वेळ मुका राहिलेला चालेल, हे कुणीतरी कागदावर ठरवलेलं असतं. आम्हाला विचारून नव्हे.

हे मनावर घेतलेले लोक काय करतात तेही बघा. २०२१ साली अल्फाबेट कंपनीच्या 'तारा' प्रकल्पाने काँगो नदीवरून ब्राझाव्हिल ते किन्शासा असा ४.८ किलोमीटरचा प्रकाशझोत जोडला. झोत सतत नेम धरून राहील अशी यंत्रणा बसवली आणि २० दिवसांत सुमारे ७०० टेराबाइट माहिती पाठवली, जोडणी ९९.९ टक्के वेळ चालू. हवा आधी ओळखायची, मग साधन निवडायचं, एवढंच.

आता आमच्या गावाचं. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत पहाटे वीज गेली आणि दुपारपर्यंत टॉवर मुका झाला. कंपनीचं नाव घेत नाही, कुणाचीही असती तरी फरक पडला नसता. दुसऱ्या दिवशी पाऊस उघडला, लख्ख ऊन पडलं, अंगणात पापड वाळत घालावेत असं. फोन मुकाच. तिसऱ्या दिवशी डिझेलचे कॅन घेऊन एक पोरगा आला. मी विचारलं तर म्हणाला, "आजी, बॅटऱ्या जुन्या झाल्यात, धरतच नाहीत." त्या तीन दिवसांत शेजारच्या वहिनींच्या सासऱ्यांना अर्धांगाचा झटका आला. १०८ ला फोन लावायला त्यांचा नातू मोटरसायकलवरून घाटी चढून सिग्नल मिळेपर्यंत गेला. रुग्णवाहिका यायला त्यामुळे सव्वा तास जास्त लागला. म्हातारबाबा वाचले, उजवा हात गेला. फोन लागता तर हात वाचला असता असं मी म्हणणार नाही, डॉक्टरही तसं म्हणाले नाहीत. पण अशा झटक्यात मिनिटं मोजतात हे कुणीही सांगेल. आणि आठ दिवसांनी निरोप काय आला? "खराब हवामानामुळे..."

बॅटरी पावसाने जुनी होत नाही हो!

भाच्याशी यावर माझा वाद झाला. तो म्हणतो, "मावशी, शंभर टक्के सेवा कुणीच देऊ शकत नाही. आणि सगळीकडे दुप्पट सोय केली तर बिल तुलाच दुप्पट येईल." पहिली गोष्ट मला मान्य आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने रायगड-रत्नागिरीत झाडं, खांब, घरं आडवी केली. अशा वेळी काही काळ सगळं बंद पडणारच, त्याबद्दल कुणाला धारेवर धरू नये. पण वादळ एका दिवसात गेलं आणि कितीतरी गावांतले फोन अनेक दिवस बंद राहिले. पहिला दिवस वादळाचा, पुढचे दिवस कुणाचे?

खर्चाचं म्हणाल तर कॅलिफोर्नियात २०२० साली तिथल्या नियामकाने वणव्याचा धोका असलेल्या भागांत मोबाईल कंपन्यांना ७२ तासांची पर्यायी वीज ठेवायला सांगितलं. तिथे वणवा, इथे पाऊस. आपल्याकडे ट्रायने २०२४ मध्ये नियम केला, जिल्हाभर सेवा २४ तासांहून जास्त बंद राहिली तर ग्राहकाला भरपाई. चांगली गोष्ट. पण नैसर्गिक आपत्ती त्यातून वगळली आहे. म्हणजे 'मुळे' हे अव्यय आता नुसतं निरोपात राहिलं नाही, त्याला पैशाची किंमत आली. म्हणूनच ते कुठे लावायचं याबद्दल मी इतकी भांडते आहे.

आमच्या कोकणात मिरगाआधी आगोटीची तयारी असते. सुकी मासळी, मीठ-मिरची, लाकूडफाटा, पडवीला झडी. सातवी नापास झालेली बाईसुद्धा "पावसामुळे चूल पेटली नाही" असं सांगून घरच्यांना उपाशी ठेवत नाही. पाऊस येणार हे तिला ठाऊक असतं. कंपन्यांनाही ठाऊक आहे, त्यांच्याकडे तर सूत्रं आहेत.

आणि हे पुढे वाढणार आहे. २०२२ च्या लिलावात ५जी साठी विकलेल्या लहरींत २६ गिगाहर्ट्झच्याही आहेत, लांबी एक सेंटीमीटरच्या जरा वर. तिथे पाऊस खरोखरच आडवा येईल आणि ही सबब अर्धी खरी होईल. अर्धी खरी सबब पूर्ण खोटीपेक्षा वाईट, ती खोडायला जास्त वेळ लागतो.

तेव्हा मंडळी, विशेषतः गावाकडे आईवडील असलेली तुम्ही पुण्या-मुंबईची आणि परदेशातली मुलं, एक काम करा. गावातल्या टॉवरच्या कंपनीला मेलवर नाही, कागदावर तीन प्रश्न विचारा. वीज गेल्यावर आमचा टॉवर किती तास चालतो? त्याला दुसऱ्या टॉवरशी जोडणारी पर्यायी वाट आहे का? आमच्या गावासाठी वर्षाला किती मिनिटं बंद चालेल असं तुम्ही धरलं आहे? पत्राची पोच घ्या. ग्रामपंचायतीतर्फे पाठवलंत तर उत्तमच. मी आमच्या गावातर्फे गेल्या महिन्यात पाठवलं आहे, उत्तर आलं की इथे टंकेनच.

आणि उत्तरात 'हवामानामुळे' हा शब्द आला तर त्याखाली लाल रेघ मारून पत्र परत पाठवा. समासात लिहा, कारण अपुरे, पुन्हा लिहा.

प्रतिक्रिया जरूर कळवा. भाच्याचीही येऊ दे.