वेलणकर त्या घरात गेला कशाला?

‘अर्धसत्य’ हा घरी, रिमोट हाताशी ठेवून पाहायचा चित्रपट आहे. गर्दीत बसून पाहिला की शेवटचा प्रसंग बाकीचं सगळं गिळून टाकतो. सबइन्स्पेक्टर अनंत वेलणकर रामा शेट्टीचा गळा आवळतो, टाळ्या पडतात, शिट्या वाजतात आणि माणसं घरी जाताना तेवढंच सोबत नेतात. घरी मात्र थांबता येतं, मागे जाता येतं, एखादा चेहरा नीट निरखता येतो. परवा पुतण्याला शेजारी बसवून डीव्हीडी लावली, तेव्हा अनेक वर्षांनी हा चित्रपट मला सबंध दिसला.

आमच्या मोहाडीत तो आला होता व्हीसीआरवर. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांबरोबर रंगीत टीव्ही देशात आला आणि मागोमाग भाड्याचे व्हीसीआर गावोगावी फिरू लागले. नवा सिनेमा पाहायचा तर आम्हाला तुमसर नाहीतर भंडारा गाठावं लागे. व्हीसीआर आपण होऊन दारात यायचा. दिवाळी झाली, हलक्या धानाची कापणी उरकली की आमच्या झाडीपट्टीत मंडईचे दिवस सुरू होतात. एकीकडे दंडार, एकीकडे नाटक, आणि त्या वर्षांत तिसरीकडे वर्गणी काढून आणलेला टीव्ही. एका रात्रीत तीन-तीन, चार-चार कॅसेटी चालत. पडद्यावर आडवे पट्टे सरकू लागले की कुणीतरी उठून ट्रॅकिंगचं बटण फिरवायचं, वीज गेली की सगळे अंधारात तसेच बसून राहायचे. ‘अर्धसत्य’ अशाच एका रात्री मारधाडीचा सिनेमा म्हणून लागला होता.

रामा शेट्टी कोण, हे इथं कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. तो मटक्याचा धनी. मटका मुंबईत उघडायचा आणि त्याचा आकडा विदर्भातल्या सट्टापट्टीवर पोचायला वेळ लागत नसे. मजुरीचा पैसा त्या चिठ्ठीत घालवणारी माणसं प्रत्येक गावात होती. त्यामुळे रामा शेट्टी मेला तेव्हा पडलेल्या टाळ्या खऱ्या होत्या. त्या टाळ्यांमध्ये घरच्या अनेक रिकाम्या डब्यांचा राग होता, आणि त्या रागाला मी आजही नावं ठेवणार नाही.

पण आता थांबून पाहताना मला दुसऱ्याच एका प्रसंगानं धरून ठेवलं. वस्तीत एक माणूस भाजलेल्या अवस्थेत सापडतो. वेलणकर त्याला दवाखान्यात नेतो, त्याचा जबाब घेतो. जबाबात नाव येतं रामा शेट्टीचं. वेलणकर त्याला अटक करायला घरी जातो. कागद पक्का, कायदा पाठीशी, अंगावर वर्दी. शेट्टी जागचा हलतही नाही. तो फोन उचलतो, वरच्या साहेबाशी बोलतो, आणि वेलणकरला तिथल्या तिथं परत फिरण्याचा हुकूम मिळतो. कुणी ओरडत नाही, पिस्तूल काढत नाही. मारधाडीच्या सिनेमातला सर्वांत भयंकर क्षण म्हणजे एक साधा फोन! या प्रसंगात पुढारी कुठं दिसत नाही. राजकारण आहे ते तारेच्या पलीकडच्या टोकाला, आणि ते दिसत नाही म्हणूनच त्याची भीती वाटते. असा दुसरा प्रसंग आपल्याकडच्या राजकीय चित्रपटांत मी पाहिलेला नाही. ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ धरूनही हे म्हणतो, आणि ते दोन्ही मला अतिशय प्रिय आहेत.

रामा शेट्टी साकारणारे सदाशिव अमरापूरकर नगरचे, मराठी रंगभूमीवरून आलेले. या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. शेट्टीला महापालिकेत निवडून जायचं आहे. तो घाईत नाही, त्याला स्वतःविषयी शंका नाही. त्याच्यासमोर ओम पुरींचा वेलणकर म्हणजे जबड्यात दाबून धरलेला संताप. या कामानं ओम पुरींना राष्ट्रीय पुरस्कार दिला आणि कार्लोव्ही व्हारीच्या महोत्सवातही सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळवून दिला. पण मला या वेळी सर्वांत जास्त विचारात पाडलं ते शफी इनामदारांच्या हैदर अलीनं. वेलणकरचा वरिष्ठ अधिकारी असलेला हैदर अली भला माणूस आहे. वेलणकरवर त्याचा जीव आहे. वेलणकर अडचणीत आला की कुणाला भेटायचं, कुणाकडून शब्द टाकायचा, हे तो प्रेमानं सांगतो. प्रत्येक कचेरीत असा एक हैदर अली असतो आणि आपल्याला तो हवाहवासा वाटतो. व्यवस्था चालते ती शेट्टीइतकीच या भल्या माणसांच्या सल्ल्यावर.

आता मूळ गोष्टीकडे येतो. वेलणकर शेवटी शेट्टीच्या घरी गेला कशाला? मी मित्रांना विचारलं. सगळ्यांचं उत्तर एकच: बदला घ्यायला. कोठडीतल्या चोराचं काय झालं, असं विचारल्यावर एक जण म्हणाला, “कोनता चोर गा? रामा शेट्टी याद हाय.”

तो चोर असा. अपमान गिळून गिळून वेलणकर दारूकडे वळलेला आहे. एका डाकूला जिवावर उदार होऊन पकडलं ते त्यानं, श्रेय गेलं दुसऱ्या अधिकाऱ्याला. त्याच अवस्थेत त्याच्या हाती एक भुरटा चोर लागतो. वेलणकर त्याला कोठडीत मारत सुटतो आणि तो माणूस मरतो. त्याच्यासाठी फोन करणारं कुणी नाही. त्याच्या मागे नगरसेवक नाही, आमदार नाही, वकील नाही. शेट्टीवर उठू न शकलेला हात त्या भुरट्या चोरावर उठला. वेलणकर निलंबित होतो आणि नोकरी वाचवण्यासाठी, हैदर अलीच्या सल्ल्यानं, मदत मागायला शेट्टीच्या दारात जातो. एका गरिबाचा जीव घेतला, तो निस्तरायला. शेट्टी मदत करायला तयार आहे. अट एवढीच की वेलणकरनं आता त्याचा माणूस व्हावं. ते ऐकून वेलणकरचा हात त्याच्या गळ्याकडे जातो. टाळ्या पडतात त्या इथं. कोठडीतला माणूस तोवर सगळ्यांच्या डोक्यातून गेलेला असतो.

दिग्दर्शक गोविंद निहलानींचं काम इतकं चोख आहे की चोराच्या मृत्यूत कुठंही वीरश्री नाही. तरीही लोक विसरतात. याला मी चित्रपटाचा दोष मानत नाही. आपल्या सगळ्यांच्या मनात खोलवर एक समजूत बसलेली आहे: चोराला ठाण्यात मार बसणारच.

हा चित्रपट हिंदी असला तरी त्याची हाडं मराठी आहेत. मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’. पटकथा विजय तेंडुलकरांची, संवाद वसंत देव यांचे, आणि ज्या कवितेवरून नाव आलं ती दिलीप चित्र्यांची. तेंडुलकरांनी सत्तरच्या दशकात नेहरू फेलोशिप घेऊन हिंसेचाच अभ्यास केला होता. हिंसा माणसात शिरते कुठून, घरातून की नोकरीतून, हा त्यांचा शोध इथं दिसतो. वेलणकरचा बाप हवालदार आहे. तो बायकोला मारायचा, मुलानं ते पाहिलेलं आहे. मुलाला शिकायचं होतं, बापानं वर्दी चढवायला लावली. अमरीश पुरींनी हा बाप असा उभा केला आहे की त्याची सावली मुलाच्या प्रत्येक हालचालीवर पडते. स्मिता पाटीलची ज्योत्स्ना गोखले प्राध्यापिका आहे. तिचं वेलणकरवर प्रेम आहे, पण त्याच्या हातांची तिला भीती वाटू लागते. पहिल्या वेळी मंडईच्या गर्दीत तिचे प्रसंग म्हणजे बाहेर जाऊन चहा पिऊन येण्याची वेळ होती. आता वाटतं, अख्ख्या चित्रपटात स्पष्ट पाहणारी तीच एक आहे.

ठाण्याच्या चार भिंतींचा प्रश्न मुंबईचा आहे, असं इथल्या वाचकानं समजू नये. वैनगंगेच्या खालच्या अंगाला, याच झाडीपट्टीतल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. उच्च न्यायालयानं दोषी ठरवलेल्या दोन्ही पोलिसांना सर्वोच्च न्यायालयानं १९७८ मध्ये सोडून दिलं. १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि अखेर कोठडीतल्या बलात्काराविषयीचा कायदा बदलला. तो बदल १९८३ चा. ‘अर्धसत्य’ही १९८३ चाच. त्या वर्षी थिएटरात आणि संसदेत, दोन्हीकडे एकच प्रश्न उभा होता: ठाण्याचं दार लागल्यावर आतल्या माणसाचं कोण?

पुढच्या सिनेमानं त्या प्रश्नाकडे पाठ फिरवली. २०११ च्या ‘सिंघम’मध्ये खलनायकाला पोलीस ठाण्यातच गोळी घालतात, वरिष्ठ ते सांभाळून घेतात, आणि प्रेक्षक खुर्चीवर उभा राहतो. वेलणकर निदान रामा शेट्टीला मारल्यावर चालत ठाण्यात जातो आणि आपण काय केलं ते सांगतो. त्याचं अर्धं सत्य या नव्या पूर्ण शौर्यापेक्षा मला कितीतरी मोठं वाटतं. एन्काउंटरची बातमी आली की पेढे वाटणारा समाज या सिनेमांनी एकट्यानं घडवला नाही, पण त्याला शिट्टी कुठं मारायची ते मात्र त्यांनीच शिकवलं.

पुतण्याविषयी सांगायचं राहिलं. तो पोलीस भरतीची तयारी करतो. मोहाडीहून पहाटे तुमसरच्या किंवा भंडाऱ्याच्या रस्त्यानं निघा, धुक्यात पोरं-पोरी धावताना दिसतील. पोरांना सोळाशे मीटर, पोरींना आठशे, शिवाय शंभर मीटर, गोळाफेक, मिळून पन्नास गुण. मग लेखी परीक्षा. आंधळगावच्या विणकराचं पोर, वरठीतल्या कामगाराचं पोर, दोन एकर धानवाल्याचं पोर, सगळ्यांचं स्वप्न खाकी. हे स्वप्न चांगलं आहे. या पोरांच्या घरात ती पहिली कायम नोकरी असेल. पण त्यांच्या मोबाइलवर जे फिरतं ते सिंघमचे तुकडे.

पुतण्या कोठडीच्या प्रसंगाला काही बोलला नाही. थोड्या वेळानं त्यानं विचारलं, “काका, साहेबाचा फोन आला तर शिपायानं काय करायचं असते?” याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं, पण कायद्याकडे निम्मं तरी आहे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली घालून दिलेले नियम मी त्याला सांगितले. अटक करणाऱ्याच्या छातीवर नावाची स्पष्ट पट्टी हवी, साक्षीदाराच्या सहीचा अटकेचा कागद हवा, नातेवाइकाला कळवायला हवं, कोठडीत दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरी तपासणी हवी. डिसेंबर २०२० मध्ये त्याच न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात, कोठडीसकट, कॅमेरे लावायला सांगितलं. त्यानं हे सगळं वहीत उतरवून घेतलं. लेखी परीक्षेत येईल म्हणून असेल. तरी वहीत आलं, हे मला मोलाचं वाटतं.

आपल्या तालुक्यात भरतीची तयारी करून घेणाऱ्या सगळ्यांना माझी विनंती आहे. मैदानाला सुट्टी असेल अशा एका पावसाळी दिवशी पोरांना एकत्र बसवा आणि हा चित्रपट दाखवा. कोठडीच्या प्रसंगानंतर तो थांबवा आणि मेलेल्या माणसाविषयी त्यांना बोलू द्या. शेवट त्यानंतर दाखवा.